‘नेणे’ आणि त्याचा गोतावळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘नेता’, ‘नीती’, ‘निर्णय’, ‘विनय’ आणि ‘नेत्र’ हे सगळे खरोखर एकाच धातूचे आहेत का? मग ‘न्याय’ आणि ‘नाविक’ही त्यातच येतात का? आणि ‘नेणता’चे काय? वाचकांकडून सतत येणारे असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला रोजच्या वापराचे प्रश्न आहेत, पुढे व्युत्पत्तीचे आणि शेवटी अपवादांचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘नेणे’ म्हणजे नेमके काय? ‘उचलणे’ किंवा ‘चालवणे’ यापेक्षा ते वेगळे कसे?

‘नेणे’ या क्रियेत तीन गोष्टी असाव्या लागतात: नेणारा, नेले जाणारे माणूस किंवा वस्तू, आणि पोहोचण्याचे ठिकाण. ठिकाण बोलून दाखवले नाही तरी ते मनात असतेच. ‘त्याने डबा नेला’ म्हटले की ‘कुठे?’ हा प्रश्न लगेच उभा राहतो. ‘त्याने डबा उचलला’ या वाक्याला तो प्रश्न पडत नाही.

मूळ संस्कृत धातू ‘नी’. संस्कृत धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, त्याची नोंद ‘णीञ् प्रापणे’ अशी आहे (‘ण’ का, ते प्रश्न १० मध्ये). प्रापण म्हणजे पोहोचवणे. संस्कृत वैयाकरण हा धातू द्विकर्मक मानतात आणि ‘ग्रामम् अजां नयति’ हे त्याचे ठरलेले उदाहरण देतात. शेळी हे एक कर्म आणि गाव हे दुसरे. मराठीतही आपण ‘शेळी गावाला नेतो’ म्हणतो आणि ‘गावाला’ या रूपातून ते दुसरे कर्म अजून डोकावते.

नेण्यासाठी हातात धरावेच लागते असे नाही. ‘हमाल ओझे नेतो’ यात वस्तू अंगावर आहे. ‘आई मुलाला शाळेत नेते’ यात फक्त सोबत आहे. ‘ही पायवाट नदीकडे नेते’ यात नेणारा जागचा हलतही नाही, तो केवळ दिशा देतो. ‘हा हट्ट तुला अडचणीत नेईल’ यात ठिकाणही उरत नाही, उरतो तो परिणाम. ‘नेता’ आणि ‘नीती’ हे शब्द शेवटच्या दोन अर्थांतून समजून घ्यावे लागतात.

२. हा शब्द मराठीत आला कसा?

संस्कृत ‘नयति’, प्राकृत ‘णेइ’ आणि मराठी ‘ने-’ अशी ही सरळ वाट आहे. मधला ‘अय’ आकसून ‘ए’ झाला. प्राकृतात शब्दारंभी आलेला ‘ण’ मराठीत पुन्हा ‘न’ झाला.

धातू फार जुना आहे. ऋग्वेदात (१.१८९.१) ‘अग्ने नय सुपथा’ अशी प्रार्थना आहे: अग्नी, आम्हाला चांगल्या वाटेने ने. तीच ऋचा ईशोपनिषदाच्या शेवटी येते. भारताबाहेरही या धातूची भावंडे सापडतात. इराणचा प्राचीन सम्राट दारयवहू (डरायस) याच्या बेहिस्तून शिलालेखातल्या जुन्या फारसीत ‘नय्’ म्हणजे नेणे. बंडखोरांना बांधून राजापुढे नेल्याचे तिथे याच धातूने सांगितले आहे. आशिया मायनरमधल्या हित्ती भाषेतला ‘नइ’ हा धातूही याच कुळातला मानतात. त्याचा अर्थ वळवणे, एखाद्या दिशेला लावणे असा आहे.

३. ‘नेणे’, ‘आणणे’, ‘घेऊन जाणे’, ‘पोहोचवणे’: कुठे काय वापरायचे?

बोलणाऱ्यापासून दूर जायचे असेल तर ‘नेणे’, जवळ यायचे असेल तर ‘आणणे’. मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. गोंधळ होतो तो ऐकणाऱ्याच्या घरी काही घेऊन जायचे असते तेव्हा. ‘मी उद्या तुझ्याकडे पुस्तक आणतो’ हे बरोबर, कारण अशा वेळी मराठीत ऐकणाऱ्याची जागा हेच केंद्र मानतात. ‘मी तुझ्याकडे येतो’ असेच आपण म्हणतो, ‘तुझ्याकडे जातो’ असे म्हणत नाही. मात्र हेच तिसऱ्या माणसाला सांगताना ‘मी त्याच्याकडे पुस्तक नेतो’ असे होते.

‘घेऊन जाणे’त घेण्याची क्रिया वेगळी दिसते, म्हणून वस्तू आठवणीने सोबत ठेवायची असेल तिथे ते शोभते: ‘छत्री घेऊन जा’. जिथे मार्ग दाखवणे महत्त्वाचे आहे तिथे ‘नेणे’च हवे. ‘वाट नदीकडे घेऊन जाते’ असे हल्ली लिहिलेले दिसते. ते चूक नाही, पण ‘वाट नदीकडे नेते’ हे मोजके आणि जुने आहे.

‘पोहोचवणे’त शेवट नक्की असतो. ‘त्याला स्टेशनवर नेत होतो, पण पोहोचवू शकलो नाही’ हे वाक्य त्यामुळेच शक्य होते.

४. ‘आणणे’ हे ‘नेणे’च्या उलट असूनही त्याच धातूचे, हे खरे का?

खरे आहे. ‘आ’ उपसर्ग ‘इकडे’ असा अर्थ देतो. आ + नी यातून ‘आनयति’, प्राकृतात ‘आणेइ’ आणि मराठीत ‘आणणे’. दोन स्वरांमधल्या ‘न’चा प्राकृतात ‘ण’ झाला आणि तो मराठीत टिकला. शब्दारंभी असल्यामुळे ‘नेणे’त ‘न’ आहे आणि मध्ये आल्यामुळे ‘आणणे’त ‘ण’ आहे. (संस्कृतातूनच ‘ण’ घेऊन आलेल्या शब्दांचे कारण निराळे आहे, प्रश्न १० पाहा.)

‘आण घेणे’ किंवा ‘तुला माझी आण’ यातली ‘आण’ मात्र ‘आज्ञा’वरून आलेली आहे. तिचा ‘आणणे’शी संबंध नाही.

५. ‘नेऊन’ की ‘नेवून’? ‘न्या’, ‘न्यायला’ ही रूपे कशी होतात?

‘नेऊन’च. प्रत्यय ‘ऊन’ आहे आणि धातू ‘ने’ आहे. मध्ये ‘व’ येण्याचे कारण नाही. ज्या धातूत मुळातच ‘व’ आहे तिथेच ‘वून’ येतो: जेव–जेवून, ठेव–ठेवून, पण जा–जाऊन, घे–घेऊन, ने–नेऊन. ‘आपण नेऊ’ हेही असेच, ‘नेवू’ चूक.

पुढे ‘आ’ आला की धातूच्या ‘ए’चा ‘य’ होतो: ने + आ = न्या. घे–घ्या, दे–द्या यांच्यासारखेच हे आहे. न्यावे, न्यायचे, न्याल, न्यायला ही रूपे त्यातूनच येतात. भविष्यकाळात नेईन, नेशील, नेईल, न्याल, नेतील. पैकी ‘नेईन’ आणि ‘नेईल’ यांतली ‘ई’ दीर्घ.

भूतकाळात क्रियापद कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालते: तिने डबा नेला, तिने पिशवी नेली, तिने डबे नेले. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबते: तिने मुलीला शाळेत नेले. ‘तिने मुलीला शाळेत नेली’ हे प्रमाण मराठीत चालत नाही. नुकतेच लिहायला लागलेल्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते.

दोन रूपे फसवी आहेत. ‘न्यायला’ हे ‘नेणे’चे रूप (‘मला न्यायला ये’), तर ‘न्याय’ या नामाचे रूप ‘न्यायाला’ असे होते. तसेच ‘हे सामान विमानात नेता येते’ यातला ‘नेता’ पुढारी नव्हे. जुन्या लेखनात तो ‘नेतां’ असा अनुस्वार देऊन लिहीत, त्यामुळे घोटाळा होत नसे.

प्रयोजक रूप सहसा वापरात नाही, त्याऐवजी ‘न्यायला लावणे’ म्हणतात. ‘त्याच्याने ओझे नेववत नाही’ यातले ‘नेववणे’ शक्यतेचे आहे, करवून घेण्याचे नाही.

६. ‘वेळ मारून नेणे’, ‘तडीस नेणे’ यांत काय नेले जाते?

‘तड’ म्हणजे काठ, किनारा. होडी पैलतडीला लावणे म्हणजे ‘तडीस नेणे’. त्यातून हाती घेतलेले काम पूर्ण करणे असा अर्थ रूढ झाला. ‘सिद्धीस नेणे’ आणि ‘शेवटास नेणे’ यांची घडण तशीच: काम हे कर्म आणि सिद्धी हे ठिकाण.

‘वेळ मारून नेणे’, ‘निभावून नेणे’, ‘धकवून नेणे’, ‘रेटून नेणे’ हा वेगळा गट आहे. यांत ‘नेणे’ साहाय्यक क्रियापद म्हणून आले आहे आणि प्रतिकूल परिस्थितीतून पलीकडे काढणे असा रंग ते मुख्य क्रियेला देते. ‘निभावले’ आणि ‘निभावून नेले’ यांतला फरक बघा: दुसऱ्यात अडचण होती हे न सांगता कळते. म्हणून सहजपणे झालेल्या कामाला ‘निभावून नेले’ म्हणू नये.

७. ‘नेता’, ‘नायक’ आणि ‘नाईक’ हे तीन शब्द एकच आहेत का?

धातू एकच, प्रत्यय वेगळे. ‘नेता’ हा ‘नी’ला ‘तृ’ लागून झाला (मूळ शब्द ‘नेतृ’, प्रथमेचे एकवचन ‘नेता’). ‘नायक’ हा ‘अक’ लागून झाला. त्या प्रत्ययापुढे ‘नी’ची वृद्धी होऊन (‘ई’चा ‘ऐ’ होऊन) ‘नै’ आणि संधीने ‘नाय्’ होतो. दोन्हींचा मूळ अर्थ नेणारा हाच. मराठीने मात्र त्यांची कामे वाटून दिली. समाजाचा नि पक्षाचा तो नेता, कथेचा नि नाटकाचा तो नायक. ‘नाईक’ हे ‘नायक’चेच प्राकृतातून घासून आलेले रूप. ते हुद्दा झाले आणि पुढे आडनाव. भारतीय सैन्यातले ‘नायक’ आणि ‘लान्स नायक’ हे हुद्दे मूळ रूपातच राहिले.

‘नेता’चे स्त्रीलिंगी रूप संस्कृतात ‘नेत्री’. ‘अभिनेत्री’त ते आपण रोज वापरतो. एकटे वापरताना मराठीत ‘पक्षाच्या नेत्या’ हे रूढ आहे आणि ते खुशाल वापरावे.

‘पुढारी’ (पुढे यावरून) आणि ‘म्होरक्या’ (म्होरे म्हणजे पुढे) हे अस्सल मराठी शब्द अर्थाने जवळचे, पण धातूने वेगळे. त्यांत पुढे असणे आहे, कुठे तरी नेणे नाही.

८. ‘नेतृत्व’, ‘नीती’, ‘नीतिमत्ता’: शुद्धलेखन नेमके काय?

‘नेतृत्व’मध्ये एकच ‘त’: नेतृ + त्व. ‘तत्त्व’, ‘महत्त्व’ यांत दोन आहेत, कारण मूळ शब्दाच्या शेवटी ‘त्’ आहे (तत् + त्व, महत् + त्व). ‘नेतृ’च्या शेवटी तो नाही. ‘नेतृत्त्व’ आणि ‘नेत्रृत्व’ ही दोन्ही रूपे फलकांवर दिसतात, आणि दोन्ही चूक आहेत.

‘नीति’ हा संस्कृतात ऱ्हस्व इकारान्त आहे. मराठीत सुटा लिहिताना किंवा समासाच्या शेवटी असताना तो दीर्घ: नीती, राजनीती, रणनीती. समासात तो आधी आला किंवा त्याला संस्कृत प्रत्यय लागला तर ऱ्हस्वच राहतो: नीतिकथा, नीतिशास्त्र, नीतिमत्ता, नीतिमान. पहिली ‘नी’ सर्वत्र दीर्घ. ‘नैतिक’मध्ये वृद्धी होऊन ‘नै’ आणि नंतर ऱ्हस्व ‘ति’.

९. उपसर्ग बदलला की अर्थ इतका कसा बदलतो? निर्णय, विनय, प्रणय, अभिनय यांत ‘नेणे’ कुठे आहे?

प्रत्येक शब्दाला ‘कुठून’ आणि ‘कुठे’ असे दोन प्रश्न विचारायचे. उपसर्ग त्यांची उत्तरे देतो.

‘निर्’ म्हणजे बाहेर. उलटसुलट मतांच्या गुंत्यातून बाहेर काढून नेणे तो निर्णय. म्हणून निर्णयाच्या आधी संशय किंवा वाद असावा लागतो. जिथे दुसरा पर्यायच नव्हता तिथे ‘निर्णय घेतला’ हे शब्द पोकळ वाटतात, ते यामुळेच.

‘अभि’ म्हणजे समोर, कडे. भरताच्या नाट्यशास्त्रात ही व्युत्पत्ती उघडच सांगितली आहे: ‘अभि’पूर्वक ‘णीञ्’ धातू, आणि पदार्थांना प्रेक्षकांसमोर नेतो म्हणून तो अभिनय. तिथे त्याचे चार प्रकार आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आहार्य म्हणजे वेषभूषा नि रंगभूषा. नुसत्या हावभावांनाच अभिनय म्हणणाऱ्यांना हे नवल वाटते, पण धातूचा अर्थ लक्षात घेतला की वेषसुद्धा अर्थ प्रेक्षकांपर्यंत नेतोच.

‘वि’ म्हणजे दूर, वेगळे. दोष दूर नेणे, वळण लावणे हा ‘विनय’चा जुना अर्थ. बौद्धांच्या ‘विनयपिटका’त भिक्षू-भिक्षुणींचे आचारनियम आहेत, नम्रतेची स्तुती नव्हे. वळण लागलेला माणूस नम्र असतो, या वाटेने मराठीत ‘विनय’ म्हणजे नम्रता झाला. ‘विनीत’ म्हणजे मुळात शिकवून तयार केलेला. संस्कृतात शिकवलेल्या घोड्यालाही ‘विनीत’ म्हणत.

‘प्र’ म्हणजे पुढे. ‘प्रणेता’ पुढे नेणारा किंवा रचणारा, ‘प्रणीत’ रचलेले. वर्तमानपत्रात ‘अमुक पक्षप्रणीत आघाडी’ असे येते तेव्हा त्या पक्षाच्या नेतृत्वाखालची असा अर्थ असतो. ‘प्रणय’ हा संस्कृतात विश्वास, जिव्हाळा या अर्थानेही येतो. मराठीने तो शृंगारापुरता ठेवला.

‘परि’ म्हणजे भोवती. वधूला अग्नीभोवती नेणे तो परिणय. ‘उप’ म्हणजे जवळ. गुरूजवळ नेणे ते उपनयन. ‘उत्’ म्हणजे वर, त्यातून उन्नयन. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, कलाने. अनुनय म्हणजे मन वळवणे. ‘अप’ म्हणजे दूर काढणे, त्यातून अपनयन.

उपसर्गाशिवायचा ‘नय’ही आहे. जैन दर्शनात नय म्हणजे वस्तूकडे पाहण्याची एक बाजू. असे सात नय मानतात: नैगम, संग्रह, व्यवहार, ऋजुसूत्र, शब्द, समभिरूढ आणि एवंभूत.

१०. ‘प्रणय’मध्ये ‘ण’ आणि ‘अनुनय’मध्ये ‘न’, असे का?

‘प्र’, ‘परि’ आणि ‘निर्’ या उपसर्गांत ‘र’ आहे, म्हणून पुढच्या ‘न’चा ‘ण’ होतो: प्रणय, परिणय, निर्णय. ‘अनु’, ‘वि’, ‘अभि’, ‘उप’ यांत ‘र’ नाही, म्हणून ‘न’ टिकतो. धातुपाठात धातू ‘णी’ असा ‘ण’ने लिहिला आहे तो याच कारणासाठी: हा बदल स्वीकारणाऱ्या धातूंची ती खूण आहे.

अपवाद ‘दुर्’चा. त्यात ‘र’ असूनही ‘दुर्नय’, ‘दुर्नीती’ असेच होते, कारण णत्वाच्या (‘न’चा ‘ण’ होण्याच्या) बाबतीत ‘दुर्’ला उपसर्ग मानू नये असे वैयाकरणांनी सांगून ठेवले आहे. ‘दुर्णय’ लिहू नये.

समासात दोन पदे सुटी असली तर बदल होत नाही: राष्ट्रनेता, चरित्रनायक. पण ‘अग्रणी’ आणि ‘ग्रामणी’ यांत तो होतो. या दोन शब्दांसाठी व्याकरणात खास सूचना आहे. शेजारी ‘सेनानी’ ठेवून पाहा. घडण तीच, सेना नेणारा, पण ‘र’ नाही म्हणून ‘न’. तिन्हींच्या शेवटी खुद्द धातूच उभा आहे, त्यामुळे ती ‘नी’ मुळातच दीर्घ आहे.

११. डोळ्याला ‘नेत्र’ आणि ‘नयन’ का म्हणतात?

दोन्ही शब्दांचा अर्थ नेण्याचे साधन. डोळा माणसाला वाट दाखवतो, पुढे नेतो. ‘नेत्र’मधला ‘त्र’ हा साधन दाखवणारा प्रत्यय आहे. ‘शस्त्र’मध्येही तोच आहे.

संस्कृतात ‘नेत्र’चा आणखी एक अर्थ आहे: रवीची दोरी. रवीला गुंडाळलेली दोरी दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढली की रवी फिरते, म्हणजे रवीला हवे तसे नेणारी ती दोरी. समुद्रमंथनाच्या कथेत वासुकी सर्पाला ‘नेत्र’ केले असे महाभारतात म्हटले आहे. तिथे ‘डोळा’ असा अर्थ लावला तर वाक्यच कळत नाही.

१२. ‘परिणय’ आणि ‘परिणाम’, ‘विनीत’ आणि ‘विनत’: हे एकाच धातूचे का?

नाहीत. एक ‘नी’ (नेणे), दुसरा ‘नम्’ (वाकणे). ओळखायची खूण अशी: ‘नी’ची रूपे नीत, नीती, नय, नयन, नेता, नायक. ‘नम्’ची रूपे नत, नती, नाम, नमन. शब्दाचा उपसर्ग बाजूला काढा आणि उरलेला भाग कोणत्या यादीत बसतो ते बघा.

विनीत म्हणजे वळण लागलेला, विनत म्हणजे वाकलेला. प्रणीत म्हणजे रचलेला, प्रणत म्हणजे नमस्कार करणारा. परिणीता म्हणजे विवाहित स्त्री, परिणत म्हणजे परिपक्व. उन्नयन ‘नी’चे, उन्नती ‘नम्’ची. ‘उन्नती’त वाकणे कसे, असे विचारतात, ‘उत्’ उपसर्गामुळे वाकण्याची दिशा वर वळली, एवढेच. ‘परिणाम’ म्हणजे एका रूपातून दुसऱ्या रूपाकडे झुकणे.

ही कसोटी फसते ती मुळात तिसऱ्याच धातूच्या शब्दांत. त्यांची यादी प्रश्न १६ मध्ये आहे.

१३. ‘न्याय’ हा ‘नी’पासून आला का?

व्याकरणाने पाहिले तर नाही: नि + इ (जाणे). पाणिनीच्या ‘परिन्योर्नीणोर्द्यूताभ्रेषयोः’ (३.३.३७) या एका सूत्रात दोन शब्द सांगितले आहेत. परि + नी यातून ‘परिणाय’, म्हणजे द्यूतात सोंगट्या फिरवणे; आणि नि + इ यातून ‘न्याय’, म्हणजे योग्य मार्गापासून न ढळणे. दोन्ही धातू एकाच सूत्रात आल्यामुळे घाईने वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

दुसरीकडे, तर्कशास्त्राच्या परंपरेत ‘नीयते अनेन इति न्यायः’, ज्याच्या साहाय्याने निष्कर्षापर्यंत नेले जाते तो न्याय, असेही सांगतात. हे विवरण अर्थ उलगडून दाखवण्यासाठी सुंदर आहे. पण शब्दाची घडण विचारली असेल तर उत्तर नि + इ हेच द्यावे: ‘नी’पासून ‘न्या’ होण्याची वाट रूपांत बसत नाही. मराठी ‘न्या’शी (प्रश्न ५) असलेले साम्य निव्वळ योगायोग आहे.

१४. संतांच्या अभंगांत ‘नेणे’ येते तिथे ‘घेऊन जाणे’ हा अर्थ लागत नाही. असे का?

कारण ते क्रियापद वेगळे आहे. ‘न’ आणि ‘जाणणे’ एकत्र येऊन ‘नेणणे’ झाले, म्हणजे न जाणणे. ‘मी नेणे’ म्हणजे ‘मला माहीत नाही’. ‘नेणता’ म्हणजे अजाण, ‘नेणीव’ म्हणजे जाणिवेचा अभाव. मानसशास्त्रावरच्या मराठी लेखनात हा शब्द जाणिवेखालच्या मनासाठी वापरला जातो.

ओळखण्यासाठी वर्तमानकाळ बघा: नेतो, नेते हे ‘नेणे’चे, नेणतो, नेणते हे ‘नेणणे’चे. मधला ‘ण’ धातूचा भाग असेल तर ते जाणण्याशी संबंधित आहे. सुटे ‘नेणे’ दिसले तर कर्म शोधा. नेली जाणारी वस्तू आणि ठिकाण (प्रश्न १) दोन्ही सापडत नसतील तर अर्थ ‘जाणत नाही’ असा लावून पाहा. ओळ बहुधा लगेच उलगडते.

१५. ‘विनायक’ म्हणजे विशेष नायक की विघ्ने दूर नेणारा?

दोन्ही अर्थ व्याकरणात बसतात, कारण ‘वि’ ‘विशेष’ही दाखवतो आणि ‘दूर’ही. तिसरा अर्थ कमी लोकांना माहीत असतो. मानवगृह्यसूत्रात आणि याज्ञवल्क्यस्मृतीत विनायक हे कामात अडथळे आणणारे, ज्यांची शांती करावी लागते असे आहेत. विघ्नकर्ता आणि विघ्नहर्ता या दोन्ही बाजू एकाच नावात आल्या त्या अशा. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘विनायक’ हे गणपतीचे नाव आहे, तसेच बुद्धाचेही. बुद्धाच्या बाबतीत वळण लावणारा हा अर्थ (‘विनय’साठी प्रश्न ९) चपखल बसतो.

१६. ‘नाविक’, ‘नेम’, ‘समन्वय’ हेही याच कुळातले का?

नाहीत. सतत विचारले जाणारे तोतये हे:

नौका, नाविक: ‘नौ’ या नामापासून. ‘नेव्हिगेशन’ हा शब्द ‘नेणे’शी जोडायचा मोह होतो, पण तो लॅटिन ‘नाविस’ (जहाज) आणि ‘आगेरे’ (हाकणे) यांवरून आला. त्यातला ‘नाविस’ आपल्या ‘नौ’चा भाऊबंद आहे, ‘नी’चा नव्हे.

नियम, नेम, नेमणे: नि + यम्. अन्वय, समन्वय: अनु + इ, त्यातला ‘न’ ‘अनु’चा आहे. विनिमय: वि आणि नि हे उपसर्ग, पुढे वेगळाच धातू. तनय: ‘तन्’पासून. प्रणव: ‘नु’ (स्तुती करणे) पासून. अभिनव: अभि + नव. विनवणे: ‘विज्ञापयति’वरून. नेसणे: नि + वस्. नेति नेति: न + इति.

१७. ‘सुकाणू’, ‘मार्गदर्शक’, ‘दिग्दर्शक’ आणि ‘नेता’ यांतला योग्य शब्द कसा निवडायचा?

‘सुकाणू’ हा अरबी ‘सुक्कान’वरून आला, जहाजाच्या मागे असलेले, दिशा वळवणारे फळकूट. ते जहाज ओढत नाही आणि ढकलतही नाही, फक्त वळवते. त्यामुळे प्रत्यक्ष काम दुसरे करणार असतील आणि दिशा ठरवायची तेवढी असेल तिथे ‘सुकाणू समिती’ हा शब्द अचूक आहे.

‘मार्गदर्शक’ वाट दाखवतो, बरोबर येईलच असे नाही. ‘दिग्दर्शक’ शब्दशः दिशा दाखवणारा, पण आज तो नाटक-चित्रपटाला वाहिलेला आहे; इतरत्र वापरला तर वाचक अडखळतो. ‘नेता’ स्वतः चालतो आणि इतरांना नेतो. प्रबंधाला मार्गदर्शक असतो, मोर्चाला नेता असतो. परिपत्रकात ‘नेतृत्वाखाली’ आणि ‘मार्गदर्शनाखाली’ एकमेकांच्या जागी टाकले जातात, ते टाळावे: पहिल्यात जबाबदारी आहे, दुसऱ्यात सल्ला.

१८. ‘नवनीत’मधला ‘नीत’ हाच का?

हो. नव + नीत, म्हणजे नुकतेच काढून आणलेले, ताजे लोणी. ‘लोणी’ हा शब्दही ‘नवनीत’वरूनच प्राकृतातून आला.

१९. ‘असतो मा सद्गमय’मध्येही ‘ने’ असाच अर्थ सांगतात. मग तिथे ‘नी’ आहे का?

नाही. ‘गमय’ हे ‘गम्’ (जाणे) धातूचे प्रयोजक रूप आहे: जायला लाव, जाववून घे. ओळ बृहदारण्यक उपनिषदातली (१.३.२८). मराठीत तिचा अर्थ सांगताना ‘असत्याकडून सत्याकडे ने’ असे म्हणण्यात काही चूक नाही, कारण ‘जाववणे’ हे आज कोणी बोलत नाही. पण ‘नय’ असलेले वचन हवे असेल तर प्रश्न २ मधली ऋचा घ्यावी.